कडी कोणी लावली

आमच्या नात्यागोत्यात पंचेचाळीस वर्षांपासून एक गोष्ट सांगितली जाते. माझ्या बायकोनं भर मे महिन्यात सासऱ्याला खोलीत कोंडलं, बाहेरून कडी लावली आणि स्वतः रॉकेलच्या रांगेत जाऊन उभी राहिली. म्हातारा पाण्यावाचून गेला. लग्नात, तेरवीत, जिथं चार बायका पोळ्या लाटायला बसतात तिथं ही गोष्ट निघते. माझी बायको आली की थांबते, ती उठून गेली की पुढं सुरू होते.

गोष्ट खोटी आहे. कडी मी लावली होती.

एवढं लिहून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी ती का लावली, हे सांगितलं नाही तर अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल. घाई होती, वेंधळेपणा झाला, असं कुणी म्हणेल आणि मला सोडून देईल. तसं नव्हतं. माझे वडील न ओळखण्याचं नाटक करतात, अशी माझी खात्री झाली होती. आणि ती खात्री मी स्वतः परीक्षा घेऊन करून घेतली होती.

बाबा हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर होते. बैलगाड्यांतून कापूस आला की मूठभर उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा, असं करत शेवटी अंगठ्यावर तंतूंची एक सरळ, चपटी पट्टी उरते. ती पाहून धागा किती लांब, किती मजबूत, कापूस कोणत्या वेचणीचा, हे ते सांगत. कापूस ओला असला तर हात लावताच कळे. ओला कापूस ते परत पाठवत. म्हणत, "हा जिनात घातला का रुईत गुठळ्या पडतेत. मंग पिंजाऱ्याच्या बापाले निघत नाई."

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचं बिघडायला लागलं. एकच गाडी दोनदा तपासली. एकदा वेणेच्या पुलावर तासभर उभे राहिले. घर नदीच्या कोणत्या बाजूला, ते आठवेना. मालकानं दोन हंगाम सांभाळून घेतलं, मग घरी बसायला सांगितलं. आई आधीच गेली होती. बहीण हिंगणघाटलाच दिलेली, पण तिच्या घरी माणसांची दाटी. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी त्यांना पिपरी मेघेला माझ्याकडे आणलं.

तेव्हा पिपरीत वस्ती विरळ होती. घरामागून काळी शेतं सुरू होत. माझ्या घराला दोन खोल्या, वर टिना. दोन्ही खोल्यांची दारं वेगवेगळी, ओसरीवर उघडणारी. एका खोलीत स्वयंपाक, माठ, आम्ही दोघं. दुसरी बाबांची. या खोलीतून त्या खोलीत जायला आतून वाट नव्हती. हे ध्यानात ठेवा, कारण पाणी नेहमी एकाच खोलीत असे.

मी वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यात पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत होतो. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, यंत्रावर त्याचे पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे, रंगवायचे, आणि स्लाइड डॉक्टरांसमोर ठेवायची. माझे काप चांगले असत. डॉक्टर तसं म्हणत, आणि त्याचा मला माज होता. माणसाच्या आत काय चाललंय ते आपल्याला कळतं, असं मी धरून चाललो होतो.

बाबांना दिवसातून तीन-चार वेळा जिनिंगची शिट्टी ऐकू यायची. ते टोपी घालून निघत. माझी बायको त्यांना अडवत नसे. हातातलं काम टाकून त्यांच्यासोबत कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत चालत जाई. तिथं जरा वेळ दोघं उभी राहत. मग ती म्हणे, "मामाजी, आज जिनिंगले सुट्टी हाये वाटते. कोनीच नाई दिसून राह्यलं." ते म्हणत, "हो बाई, तुले कोनं सांगतलं?" आणि परत येत. एकेका फेरीला अर्धा तास जाई. तिनं सरकीसकट कापसाची एक टोपली आणून ठेवली होती. ती समोर दिली की ते दुपारभर वेचत बसत.

"तूच लाडावून ठेवलं यायले," मी म्हणायचो.

"मंग तुमी जात जा त्यायच्यासंगं," ती म्हणायची.

बहिणीचं मत वेगळंच होतं. "दादा, यायले बाहेरचं हाये," असं म्हणून एका गुरुवारी ती त्यांना गिरडला घेऊन गेली. टेकडी चढली, दर्ग्यावर चादर चढवली, ताईत बांधून आणला. बाबा खूष होते. ताईत त्यांनी मला दाखवला आणि विचारलं, "तुमी कोन्या गावचे?"

त्याच दिवाळीत मी परीक्षा घेतली. हिंगणघाटहून येताना तीन वेगवेगळ्या जागचा कापूस, कोणता कसा ते विचारून घेऊन, कागदात बांधून आणला. तिसऱ्या पुडीतल्या कापसावर मी घरी पाण्याचा हात फिरवला आणि तासभर तसाच ठेवला. त्या सकाळी बाबांनी मला दोनदा नाव विचारलं होतं. मी तिन्ही पुड्या त्यांच्यासमोर उघडल्या.

त्यांनी पहिली मूठ घेतली. चिमटीत धरली, ओढली, जुळवली, ओढली. "धागा लांब हाये, पन कच्चा. बोंड फुटाच्या आधीच वेचलं." दुसरी घेतली. "हे दोन वानाचं मिसळून देल्लं कोनं तरी." तिसरीला नुसता हात लावला आणि माझ्याकडे रागानं पाहिलं. "हे पानी मारलेलं हाये. वजन वाढवाले. जो कोनी हाये तो, चोर हाये."

तिन्ही उत्तरं बरोबर होती. मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हणालो, "पाह्यलं? सारं ध्यानात हाये. कापूस वळखू येते, पोरगा वळखू येत नाई. नाटक करून राह्यले."

ती चुलीपुढून न वळता म्हणाली, "नाटक करनारा मानूस धोतरात मुतन काय?"

मी तिचं ऐकलं नाही. माझा पुरावा माझ्याकडे होता. आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचलो नव्हतो, त्याचा राग बाबा असा काढतात, असं कारणही मी शोधून ठेवलं होतं. तिथून पुढं त्यांनी "तुमी कोन" विचारलं की मला ते टोमण्यासारखं लागायचं.

होळीनंतर मी त्यांच्या दाराला बाहेरून कडी बसवली. बायकोला स्क्रू पिळायला पेचकस मागितला तर तिनं दिला नाही. "ही कडी मी लावनार नाई, सांगून ठेवते," ती म्हणाली. आणि तिनं ती एकदाही लावली नाही. मी लावायचो, कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. जरा अद्दल घडावी म्हणून.

त्या दिवशी बायको दहा वाजता डबा घेऊन रॉकेलला गेली. मला अकराला निघायचं होतं. बाबा टोपी घालून ओसरीवर आले. "शिटी झाली. मले जा लागते."

"जिनिंगनं तुमाले काढून टाकलं," मी म्हणालो. "दोन वर्सं झाले."

"तुमी कोन?"

"वळखत नाई मले?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मालकाचे मानूस हा का? मंग मालकाले सांगा, माझा पोरगा हाये वर्ध्याले, मोठ्या दवाखान्यात. लय हुशार हाये. त्याले बोलवा. मी कोन हावो ते तो सांगन तुमाले."

आज हे लिहिताना मला कळतं की माझे वडील माझ्याविषयी इतकं चांगलं कुणापुढं कधी बोलले नव्हते. तेव्हा मला वाटलं, ते माझी थट्टा करतात. मी त्यांचा दंड धरला, खोलीत ढकललं, दार ओढलं आणि कडी घातली. "बोलवा मंग पोराले आतूनच," असं म्हणालो. हे शब्द मी म्हणालो.

सायकलवर बसलो तेव्हा आतून दार वाजत होतं. जोरात नाही. परक्याच्या घरी गेल्यावर माणूस वाजवतो तसं, थांबून थांबून. बायको अर्ध्या तासात येईल, ती कडी काढेल, असा माझा हिशेब होता. ती लेकरासारखं त्यांना समजावत फिरेल आणि मी मात्र यांना वठणीवर आणीन, असंही मनात होतं.

रॉकेलची गाडीच उशिरा आली. ती एकच्या पुढं परतली. कडी पाहिली, डबा टाकला, कडी काढली. शेजारची बाई तेव्हा तिच्या दारात उभी होती. तिनं पाहिलं ते एवढंच, की सून बाहेरून आली आणि तिनं कडी काढली.

बाबा दाराशी पडले होते. अंग तव्यासारखं तापलं होतं, ओठ फुटले होते. गादी उसवलेली होती. आतला कापूस काढून त्यांनी भिंतीलगत तीन ढिगांत लावला होता. त्या टिनांखाली, त्या उन्हात, ते तेवढा वेळ काम करत होते.

तीन दिवस ते आमच्याच दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी बहीण आली. वॉर्डाच्या व्हरांड्यात शेजारणीनं तिला सगळं सांगितलं होतं. ती तिथंच, व्हरांड्यात, सरळ आमच्यापुढं येऊन उभी राहिली.

"कडी कोनं लावली?"

माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून आतल्या सलाइनच्या बाटलीकडे पाहत होतो. थेंब पडत होते. ती पाहत राहिली. ती माझी वाट पाहत होती, हे मला तेव्हाही कळत होतं; ते कळलं नाही असं मी कधी म्हणणार नाही. मग तिनं पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली.

"वहिनी, देव पाह्यते," बहीण म्हणाली.

मी म्हणालो, "आता भांडू नोका. दवाखाना हाये हा."

बाबा गेले त्या सकाळी आमच्या विभागाच्या सरांनी मला बाजूला घेतलं. साठीच्या आत सुरू झालेला असा स्मृतिभ्रंश क्वचित पाहायला मिळतो, म्हणाले. त्याला एका जर्मन डॉक्टरचं नाव आहे, तेही सांगितलं. "तुमची हरकत नसेल तर मेंदू ठेवू या. कधीतरी उपयोग होईल." मी सही केली. घरी कुणाला सांगितलं नाही. बहिणीला तर नाहीच. उरलेल्या देहाला मी अग्नी दिला आणि चौथ्या दिवशी कामावर गेलो. माझ्याच खोलीत, तिसऱ्या फळीवर, एका झाकणाच्या बरणीवर मी माझ्याच अक्षरात नंबर लिहिला.

फॉर्मलिन कमी झालं की मी भरत असे. असं सात-आठ वर्षं चाललं. सकाळी खोली उघडली की ती बरणी दिसायची, संध्याकाळी कुलूप लावताना दिसायची. मी इतरांसारखाच तिच्यावरची धूळ पुसायचो.

त्या वर्षांत बहीण आमच्याकडे सणावाराला यायची, पण पाण्याचा गडवा घरून भरून आणायची. माझ्या बायकोनं पेला पुढं केला की म्हणायची, "नाई वो, या घरचं पानी मले नोको. इथं पानी कडीत राह्यते." माझी बायको पेला परत नेऊन ठेवायची. दर वेळी पुढं करायची आणि दर वेळी परत नेऊन ठेवायची. ती मला फक्त एकदा म्हणाली, "तुमी सांगसान, मनून मी थांबली व्हती." नंतर तो विषय तिनं काढला नाही.

मग ऐंशीनंतरच्या मधल्या वर्षांत कधीतरी सरांनी चांदीची रंगवण शिकवायला घेतली. नेहमीच्या रंगात जे दिसत नाही ते चांदीत दिसतं, म्हणाले, आणि जुन्या मेंदूंतला तो नंबर काढायला सांगितला. तो कुणाचा, हे त्यांच्या ध्यानात होतं की नाही, मला माहीत नाही. मी बोललो नाही. दुसऱ्या कुणाला कापू देणं मला जमलं नसतं.

या रंगवणीत भांडी अगदी स्वच्छ लागतात, लोखंडाचा चिमटा चालत नाही. काप चांदीच्या क्षारात अंधारात ठेवायचे. मग त्या द्रावणात अमोनिया थेंबाथेंबानं टाकायचा. आधी गढूळ होतं, मग एका थेंबाला एकदम निवळतं, तिथं थांबायचं. शेवटी फॉर्मलिनचा थेंब पडला की काप पिवळा, तपकिरी होत जातो, आणि नेमक्या वेळी काढला नाही तर सगळाच काळा पडतो. मी तीन दिवस केलं. दोन वेळा काळा पडला. माझी बोटंही काळी झाली. तो डाग साबणानं जात नाही, कातडी बदलते तेव्हाच जातो.

तिसऱ्या दिवशी सरांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि मला जागा करून दिली.

पेशींच्या मधल्या जागेत काळसर, फुटलेल्या फुलांसारखे डाग होते. "हे एका प्रथिनाचे साचलेले गोळे," सर म्हणाले. "हे पेशीच्या बाहेर. आता आत पाहा." पेशींच्या आत काळ्या दोऱ्यांचे गुंते होते, ज्योतीच्या आकाराचे. बाबा ओल्या कापसाच्या रुईतली गुठळी नखावर घेऊन दाखवायचे, मला तीच आठवली.

"पेशीच्या आत बारीक नळ्या असतात, त्यांवरून माल इकडून तिकडे जातो," सर सांगत होते. "त्या नळ्यांना सरळ धरून ठेवणारं पेशीचंच एक प्रथिन असतं. ते बिघडलं की नळ्या सोडून देतं आणि आपसातच पीळ घेतं, असं आता म्हणतात. पेशीला ते बाहेर टाकता येत नाही, पचवताही येत नाही. शेवटी पेशी मरते आणि गुंता तिथंच राहतो. हा पाहा, याच्याभोवती पेशी उरलेलीच नाही."

मी विचारलं, "सर, असं झालेल्या माणसाला नाटक करता येतं का? ओळखत नसल्याचं?"

सर माझ्याकडे वळले. "ओळखत असल्याचं नाटक करतात ते. सुरुवातीला बरेच दिवस करतात, लाजेपायी. न ओळखण्याचं करत नाहीत."

"पण हातचं काम बिनचूक येत असेल तर?"

त्यांनी दुसरी स्लाइड लावली. "हाच मेंदू, हातांच्या हालचालींचा भाग. पाहा, जवळजवळ स्वच्छ."

तो कापही मीच केला होता. स्वच्छ होता खरंच. म्हणजे माझ्या परीक्षेत बाबा खरे उतरले होते आणि मी चुकीचा निकाल लावला होता. आणि तो निकाल चुकीचा ठरवणारी वस्तू इतकी वर्षं माझ्याच फळीवर होती.

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, बरणीसकट. तिनं माझी काळी बोटं पाहिली. म्हणाली, "मंग आता तरी सांगा तुमच्या बहिनीले." मी हो म्हणालो. पुढच्या राखीला सांगायचं ठरवलं. बहीण आली, राखी बांधली, गडव्यातलं पाणी प्यायली, आणि मी तिला बस स्टँडवर सोडून आलो. तशा किती राख्या गेल्या ते मी इथं लिहीत नाही.

मागच्या पावसाळ्यात भाचा बहिणीला आमच्याकडे घेऊन आला. "मामा, आईचं ध्यान राह्यत नाई आता. घरी कोनी नसते. काही दिवस ठेवा." ती ओसरीवर बसली. तिनं गडवा आणला नव्हता. माझ्या बायकोनं सवयीनं पेला पुढं केला, आणि बहीण तो घेऊन गटागटा प्यायली. अजून मागितला.

"तुमी चांगल्या हा बाई," ती माझ्या बायकोला म्हणाली. "आमची वहिनी नाई अशी. तिनं आमच्या बाबाले कोंडलं. कडी लावून चालली गेली."

"हो का?" माझी बायको म्हणाली, आणि दुसरा पेला दिला.

मला ते सहन झालं नाही. मी तिथंच बसून सांगितलं. "वहिनीनं नाई. मी लावली कडी. मी." बहीण माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी माझी छाती बडवली. "दादा, तू? तू रे?" खूप रडली. मला वाटलं, झालं एकदाचं. चहा झाला. कप खाली ठेवता ठेवता ती बायकोकडे वळली. "आमच्या वहिनीचं सांगतलं का तुमाले?"

मी त्या आठवड्यात तिला चार वेळा सांगितलं. चारही वेळा ती तितकीच रडली आणि चारही वेळा पुसून गेलं. जुनी खोटी गोष्ट तिच्यात पक्की बसलेली आहे. खरी गोष्ट ठेवायला जागा उरलेली नाही. ती जागा होती तेव्हा मी गप्प होतो.

पाचव्यांदा मी तोंड उघडलं तर बायकोनं हात धरला. "पुरे करा. दर खेपी तिचा बाप नव्यानं मरते. तिच्या पोराले सांगा. तिनं ज्याले-ज्याले सांगतलं, त्यायले सांगा."

म्हणून हे लिहिलं. भाचा रविवारी येतो. त्याच्या हातात ही पानं देईन आणि तो वाचेस्तोवर समोर बसून राहीन. मग त्यानं ती बाकीच्यांना वाचून दाखवावी. तेरवीत दाखवली तरी चालेल.

काल बायकोला मी सुरुवातीपासून वाचून दाखवलं. ती गहू निवडत होती.  संपल्यावर विचारलं, "मी तुमच्याकडं पाह्यलं व्हतं, ते लिवलं का बरोबर? व्हरांड्यात?"

"लिवलं ना. आताच वाचलं."

"पुन्हा वाचा तेवढं."

मी वाचलं. तिनं सूपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"मंग असू द्या," ती म्हणाली. आतून बहिणीनं पाणी मागितलं, तशी ती उठली.